गाडीचं पांढरं पडलेलं तोंड

माझं सासर आणि माहेर एकाच गावात आहे, मधे फक्त एक विहीर. ज्यांनी हे स्थळ जमवलं त्यांना मी अजून माफ केलेलं नाही. माहेरी भांडण झालं की सासरी ऐकू येतं, आणि सासरी भाजी करपली की माहेरी वास जातो. त्यात मी ब्लाउज शिवते, म्हणजे दिवसभर घरी रिकामी बसलेली असते असा दोन्हीकडच्यांचा समज. माझा पाय मशीनवर चालू असतो, तोंडात टाचण्या असतात, आणि विहिरीपलीकडून बाबांची हाक येते, "अगो, जरा ये!" त्यांचं जरा म्हणजे अर्धा दिवस.

त्या पौषातही अशीच हाक आली. गेले तर बाबा आपल्या गाडीसमोर कमरेवर हात ठेवून उभे, आणि आई ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली, काहीच घडलं नाही अशा चेहऱ्यानं. आईचा तसा चेहरा दिसला की समजायचं, काहीतरी नक्की घडलंय.

"ती काय बोलली ते ऐक," बाबा म्हणाले.

"काय बोललीस गं?"

"मी काय बोलू? गाडीचं तोंड पांढरं पडलंय, येवढंच बोलली. म्हाताऱ्या बैलावानी. त्यात बसून माहेरी गेली तर माजे भाऊ हसतील. मी आपली यष्टीनं जाईन."

आता ही गाडी काय प्रकरण होतं ते सांगते. हायवेला आमच्या शेताचा एक कोपरा गेला. तसे गावात पुष्कळांचे गेले. कुणी स्लॅबचं घर बांधलं, कुणी पोराला जेसीबी घेऊन दिला, कुणी पोरीच्या हळदीला तीन गावं जेवू घातली. माझ्या बाबांनी कल्याणहून एक लाल स्पोर्ट्स कार आणली. जुनी, परदेशी, दोन दारं आणि दोनच सीट. डिकी म्हणाल तर कोंबड्यांची एक पाटी मावेल एवढी. उंचीचं तर विचारूच नका, आमचं वासरूसुद्धा तिच्याकडे वरून बघायचं. प्रत्येक स्पीडब्रेकरला तिचं पोट घासायचं आणि प्रत्येक वेळी बाबा "आई गं!" म्हणायचे, स्वतःला खरचटल्यासारखे.

"दोनच सीटची कशाला आणली?" मी विचारलं होतं.

"तिसरा कोन बसनार हाय?" ते म्हणाले.

लोक म्हणाले, म्हाताऱ्याला पैशाचं वेड लागलं. वेडबिड काही नव्हतं. बाबा भातसानगरला धरणाच्या ऑफिसात जीपवर ड्रायव्हर होते. सकाळी नांगर धरायचे, मग अंघोळ करून खाकी घालायची आणि स्टेअरिंग धरायचं. साहेबांच्या बायकांना शहापूरच्या बाजाराला न्यायचे, त्यांच्या पिशव्या उचलायचे, त्यांना दार उघडून द्यायचे. सरकारी जीपमध्ये घरचं माणूस बसवायचं नाही हा नियम, आणि बाबा नियमाला देवाच्या खालोखाल मानणारे. आई कधी माहेरी निघाली की फाट्यावर एसटीची वाट बघत उभी असायची. कडेवर मी, डोक्यावर बोचकं. तिकडून जीप यायची. बाबा हॉर्न मारायचे नाहीत, मान वळवायचे नाहीत, सरळ पुढे जायचे, आणि सगळी धूळ आमच्या तोंडावर. आई पदरानं माझं तोंड पुसायची आणि म्हणायची, "बा ड्युटीवर हाय." मला तेव्हा तो ड्युटी नावाचा कुणीतरी वाईट माणूस वाटायचा.

तर एकदा तरी हिला शेजारच्या सीटवर बसवून म्हसा या तिच्या माहेरच्या गावी जत्रेला न्यायचं, एवढ्यासाठी ती गाडी होती. बाबांनी हे कधी तोंडानं कबूल केलं नाही, पण गावातल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक होतं. आणि आई काही बसत नव्हती. एका वर्षी म्हणाली, रंग फार लाल आहे. पुढच्या वर्षी म्हणाली, पेट्रोलचा वास येतो. त्याच्या पुढच्या वर्षी तिला ऐन जत्रेच्या सकाळी ताप आला, आणि गाडी दाराशी असेपर्यंतच राहिला. यंदा मात्र बाबांचा जीव खालीवर होत होता. जत्रा झाली की त्यांच्या लायसनची मुदत संपणार होती, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगून टाकलं होतं, आता नवीन मिळणार नाही. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

म्हणून आईनं गाडीच्या तोंडाला नाव ठेवल्याबरोबर बाबा कामाला लागले. ड्रायव्हरला तक्रार सांगितली की तो ती काढायला लागतो. ती खरी आहे का, असं विचारायची त्याला सवय नसते.

तशी तक्रार खोटीही नव्हती. बंपरच्या खालची पट्टी, दारांच्या कडेच्या पट्ट्या, आरशांची टोपणं, वायपरखालची जाळी, हे सगळं मुळात काळंभोर प्लास्टिक. अंगणात उन्हात उभं राहून ते चुलीतल्या राखेच्या रंगाचं झालं होतं. लाल रंग अजून टवटवीत, त्यामुळे ते पांढुरकं आणखीनच डोळ्यांत यायचं.

बाबांनी आयुष्यात काळी म्हणून एकच वस्तू चमकवलेली, बैलांची शिंगं. दिवाळीच्या पाडव्याला फुटक्या काचेच्या तुकड्यानं शिंगं तासायची, मग शेंगदाण्याच्या तेलात चुलीची काजळी कालवून चोळायची. बैल विकून वर्षं झाली, पण हाताला सवय होतीच. मी वळून बघते तो काचेचा तुकडा बाबांच्या हातात.

"बाबा, प्लास्टिक आहे ते! शिंग नाय!"

"काळं हाय ना?"

"म्हणून काय झालं? माझी शिलाई मशीनपण काळी आहे, तिला तेल पाजून शर्यतीला उतरवता का?"

काच मी हिसकावून घेतली, पण तेल आणि काजळी सोडायला ते तयार होईनात. दुपारपर्यंत त्यांनी सगळ्या पट्ट्या चोळून काढल्या, आणि खोटं कशाला बोलू, गाडी दिसत होती झकास. तेल मुरावं म्हणून बाबांनी ती ढकलत उन्हात नेऊन लावली, आणि नेमकं शेजाऱ्यांनी त्याच वेळी भात उफणायला घेतलं. त्यांचं भात दर वर्षी सगळ्या गावाच्या मागून. वारा आमच्याकडे. बघता बघता सगळा भुसा येऊन त्या तेलावर बसला आणि गाडीला चांगली हातभर पिवळी दाढी आली.

बाबा फडकं आणायला आत गेले, तेवढ्यात शेजाऱ्यांची म्हैस सुटली. तेलही शेंगदाण्याचं, वर भुसाही भरलेला, तिला तर आयतं पंचपक्वान्नाचं ताट. तिनं बंपरपासून सुरुवात केली ती डाव्या आरशापर्यंत सगळं चाटून साफ केलं, आरसा तर चाटून चाटून उलटा फिरवला. शेजारीण धावत आली ती म्हशीसाठी नाही, आमच्याशी भांडायला. "काजळी खाऊन माजी म्हस हगवणीला लागली तर कोन निस्तरनार? तुमी येनार काय?"

आई ओट्यावरून म्हणाली, "जाऊ दे गो. म्हशीनं तोंड धुतलं तिचं. आता जरा बरी दिसते."

दुसऱ्या दिवशी बाबांनी ट्रंक उघडली आणि ड्युटीच्या बुटांचं काळं पॉलिश काढलं. आता यात माझाही हात होता हे कबूल करते, कारण मला खरंच वाटलं की हे जमेल. बाबा पॉलिश लावत होते, मी ब्रश मारत होते. गाडी अशी चकाकली की बाबांनी तिच्यासमोर उभं राहून मिशी विंचरली.

त्याच दिवशी माझा मोठा मामा जत्रेचं आवतण घेऊन मोटारसायकलवरून आला. मामा म्हणजे पांढरा स्वच्छ शर्ट-पायजमा, पोट पुढे, आणि बाबांची टिंगल केल्याशिवाय त्याला पाणी गोड लागत नाही.

"काय भावोजी," गाडीच्या दाराला टेकून तो म्हणाला, "ही बेडकी अजून विकली नाय तुमी?"

आम्ही तिघांनी ते एकाच वेळी पाहिलं. पट्टी दाराच्या नेमकी त्या उंचीला होती जिथे मामाची बैठक येते. मी तोंड उघडलं तर आईनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आवाज आतच राहिला. मामानं चहा घेतला, पोहे खाल्ले, बाबांना आणखी दोन टोमणे मारले आणि मागे आडवा काळा पट्टा घेऊन ऐटीत निघाला. तो तसाच किन्हवलीला थांबला, सरळगावला थांबला, बाजारात फिरून भाजी घेतली आणि घरी गेला. मामीचा फोन आला तेव्हा आई तोंडात पदर कोंबून लोळत होती, आणि फोन मला घ्यावा लागला.

पॉलिशचे भोग एवढ्यावर संपले नाहीत. पौषातलं दव आमच्याकडे पागोळ्या गळाव्यात असं पडतं. सकाळी बघतो तर सगळं पॉलिश ओघळून लाल रंगावर उतरलेलं. बाबा ओट्यावर बसले आणि बसूनच राहिले. चहा दिला तो गार झाला. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, "नाय बसायचं तिच्या मनात." त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. आणि माझं असं आहे की कुणाची दया आली की मला राग येतो.

माघातल्या लग्नांचे ब्लाउज तसेच टाकून मी मोबाइलवर शोधायला बसले. एका व्हिडिओत दाखवलं होतं की असल्या प्लास्टिकला धुऊन, सुकवून, कडक गरम हवा दिली की त्याचं आतलंच तेल वर येतं आणि गेलेला काळेपणा परत येतो. काही महिन्यांनी पुन्हा पांढरं पडतं म्हणे. मग पडू दे. आम्हाला जत्रेपुरतं हवं होतं.

अशी गरम हवा फेकणारी बंदूक शहापूरला रेडियमवाल्याकडे असते. रिक्षांच्या काचांवर नावं आणि देव चिकटवतो तो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बंदूक बाहेर देत नाय ताई. गाडी आना, काळ्या रेडियमच्या पट्ट्या मारून देतो. वर 'आईचा आशीर्वाद' फुकट."

"आईच बसत नाय गाडीत, आशीर्वाद कुठला चिकटवतोस?"

"मग माजा इलाज नाय."

"बरं," मी म्हटलं. "तुझ्या बायकोचे तीन ब्लाउज माझ्याकडे आहेत. बाह्या लावायच्या राहिल्यात. भाच्याचं बारसं परवा ना तिच्या?"

तो गुपचूप खाली वाकला, टेबलाखालून बंदूक काढली आणि पिशवीतसुद्धा घालून दिली.

आधी आम्ही साबणानं तेल, काजळी, पॉलिश आणि म्हशीची लाळ धुऊन काढली. मग घरातून वायर ओढून मी बंदूक सुरू केली. इस्त्रीसारखंच असतं ते, हात सारखा चालता ठेवायचा, एका जागी थांबला की गेलं. पहिल्या वीतभर पट्टीवर काहीच होईना. मग एकाएकी त्या राखेतून काळा रंग वर आला, ओला, गडद, नव्यासारखा. "थांब थांब थांब!" बाबा ओरडले आणि चटका बसेल याचं भान न ठेवता त्यांनी त्यावर बोट ठेवलं. "हा तिचाच रंग हाय. आतच व्हता."

मग काय, त्यांना स्वतःला करायचं होतं. करू दिलं. चांगलं जमत होतं, पण समोरून शेजारी गेला आणि त्याला दाखवायला बाबा जरा वळले, हात तिथेच. डाव्या आरशाच्या टोपणाला अजून आवाळू आहे. पण बाकी गाडी, माझ्या गळ्याची शपथ, शोरूममधून काढल्यासारखी झाली. आई ओट्यावरून बघत होती. तिनं एकही नाव ठेवलं नाही, आणि तेच मला खटकलं.

जत्रेच्या दिवशी बाबांनी खाकी नाही, पांढरा शर्ट घातला. गाडी ओट्याला लावली, फिरून आले, आईच्या बाजूचं दार उघडलं आणि साहेबिणींसाठी उभे राहायचे तसे ताठ उभे राहिले. आई हिरवी काठपदराची साडी नेसून, नथ घालून बाहेर आली. गाडीपर्यंत आली. आत वाकून सीटकडे बघितलं. मग पदर सावरला आणि म्हणाली, "आवो, मी यष्टीनंच जाते."

बाबांनी खिशातला रुमाल काढला आणि मुळात स्वच्छ असलेला आरसा पुसायला लागले.

माझी सटकली. मी आईला धरून माजघरात नेलं आणि दार लोटलं. "तुला माणसाची काही दयामाया? म्हशीनं चाटलं, मामाचा पायजमा गेला, मी लोकांचे ब्लाउज ओलीस ठेवले! आता काय कमी आहे त्या गाडीत?"

"गाडीत काय कमी नाय."

"मग?"

आई बाजेवर बसली. बसताना तिनं दोन्ही हात टेकले, आणि ते मी इतके दिवस बघूनही पाहिलं नव्हतं. "येवढ्या खाली मी बसन गो. धप्पकन बसन. पन उठू कशी? माजे गुडगे गेलेत. तिथं माज्या भावजया ओळीनं उभ्या ऱ्हानार आनि मला दोन मानसं धरून खेचनार, चिखलातून म्हस काढल्यावानी. नाय बाय."

"मग सांगायचं ना तसं! रंग काय, वास काय, तोंड काय!"

"आनि सांगितलं अस्तं तर?" तिनं आवाज खाली आणला. "दुसऱ्या दिशी गाडी विकून आले अस्ते. आयुष्यात येक वस्तू घेतली मानसानं सोतासाठी. माज्या गुडग्यापायी विकायला लावू?"

स्वतःसाठी! बाबांनी गाडी तिच्यासाठी घेतली, आणि तिला वाटत होतं त्यांनी स्वतःसाठी घेतली, आणि या सगळ्यात मी काजळी धूत होते. मला हसू आणि रडू एकत्र आलं, ते तिच्या पदराला पुसलं.

"अगं पण उतरायला कोण सांगतंय?" मी म्हटलं. "बसून राहा आत. माम्यांना येऊ दे गाडीपाशी."

आईनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत जे काही आलं ते मी कधीच पाहिलं नव्हतं. लहानपणी ती कशी असेल ते मला तेव्हा कळलं.

बाहेर येऊन तिनं बाबांच्या खांद्यावर हात ठेवला, गाडीकडे पाठ केली आणि स्वतःला सोडून दिलं. गाडी चारी चाकांवर दबली. बाबांनी दार लावलं, इतकं हळू की आवाजही आला नाही.

मी मागून स्कूटीवर, मांडीशी पिशव्या. बाबा सायकलपेक्षा जरा बऱ्या वेगानं चालवत होते. आईनं काच खाली केली होती आणि किन्हवलीपासून पुढे ओळखीचं कुणी दिसलं की ती हात बाहेर काढून बांगड्या वाजवत होती. ओळखीचं नसलं तरी वाजवत होती.

मामाच्या दारात गाडी थांबली तशी सगळी वरात बाहेर आली. तीन मामा, तिन्ही माम्या, त्यांच्या सुना. "उतर गो, उतर!" थोरली मामी म्हणाली.

"नाय गो वयनी, आमाला घाई हाय. देवाला जायचंय. हितंच दे चाय."

आता गाडी एवढी खाली की आईशी बोलायचं तर प्रत्येकाला कमरेत वाकावं लागत होतं. माम्या एकेक करून वाकल्या. सुनांनी तर जमिनीला डोकंच लावलं, नमस्काराच्या नमस्कार झाला. थोरल्या मामाला पोटामुळे वाकता येईना, तो शेवटी रस्त्यावर उकिडवा बसला आणि तसाच बसून बहिणीशी बोलला. पायजमा नवीन होता. दाराला टेकायचं त्यानं टाळलं. आई बशीतून सावकाश चहा पीत होती, घाई असलेल्या बाईनं पिऊ नये इतका सावकाश. बाबा तिच्या दाराशी उभे होते. त्यांचा हात कडीवर होता, पण ते दार उघडत नव्हते. ते आईच्या गुडघ्याकडे बघत होते. तिनं तो डाव्या हातानं धरून ठेवला होता.

देवळाच्या अलीकडे गर्दीपाशी गाडी थांबली, तिथूनच काचेतून हात जोडून आईनं देवदर्शन केलं. पोरांनी गाडीभोवती गराडा घातला. दिवस मावळायच्या आत आम्ही परत आलो.

अंगणात गाडी बंद करून बाबा उतरले, किल्ली माझ्या हातात दिली आणि मला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे बंपरपाशी. "ही गाडी काढून टाकू," ते हळूच म्हणाले. "हिचे गुडगे गेलेत. मला कसं दिसलं नाय? उंच जीप बघू कुनाची. चालवायला तू शिक."

"ऐकलं मी!" आतून आवाज आला. "विकायची असंल तर मला आत ठिवून विका!"

बाबांनी बंपरवरून एकदा हात फिरवला. मग पलीकडून फिरून गेले, आपलं दार उघडलं आणि पुन्हा तिच्या शेजारी जाऊन बसले. किल्ली माझ्या हातात होती. दोघं समोरच्या गोठ्याच्या भिंतीकडे बघत बसली, जणू तिथून रस्ता जातोय. मी दार उघडून हात पुढे केला. म्हटलं, चल, खेचते तुला बाहेर, इथे कुणी बघत नाही, आणि माझ्या बाह्या लावायच्या राहिल्यात.

"जा गो तू घरी," आई म्हणाली. "आमी बसलोय."